रिकामा तराजू : शंका व विश्वास यांविषयी एक पाठविचार

(इयत्ता पाचवी ते सातवीच्या शिक्षकांसाठी)

पावसाळ्याच्या तोंडी परिसर अभ्यासाच्या तासाला सापांचा पाठ येतो. शिक्षक फळ्यावर विषारी व बिनविषारी अशी दोन सदरे आखून नावे लिहू लागतात. तोच मागच्या ओळीतील एखादा मुलगा उभा राहून म्हणतो, "गुरुजी, आमच्या आज्याला पान लागलं होतं. भगतानं रातभर मंत्र घातला आन् सकाळी आजा उठून बसला." सारा वर्ग शिक्षकांच्या तोंडाकडे पाहू लागतो. अशा वेळी शिक्षकाने काय उत्तर द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

दोन उत्तरे चटकन सुचण्यासारखी आहेत. "असले काही नसते, खाली बस," हे पहिले. "असेल बाबा, जगात पुष्कळ गोष्टी आपल्या बुद्धीपलीकडच्या आहेत," हे दुसरे. पहिल्या उत्तराने मुलाचा आजा खोटा ठरतो, आणि मूल शाळेतले ज्ञान शाळेत व घरचे ज्ञान घरी ठेवावयास शिकते. दुसऱ्या उत्तराने शिक्षकांवर कोणी रुष्ट होत नाही. पण उद्या त्याच मुलाच्या बहिणीला साप चावला, तर तिला कोठे न्यावयाचे, हा प्रश्न जेथल्या तेथेच राहतो. दोन्ही उत्तरांनी शिक्षकांचा त्रास वाचतो, मुलाच्या पदरात मात्र काहीच पडत नाही.

बाजारात वाणी धान्य तोलू लागला म्हणजे चाणाक्ष गिऱ्हाईक आधी रिकामा तराजू उचलावयास सांगते. एखादे पारडे मुळातच खाली झुकत असेल, तर त्यात पासंग आहे हे उघड होते. मग वजने कितीही खरी असोत, माप खोटेच उतरावयाचे. नवलाच्या गोष्टी तोलतानाही आपल्या मनाच्या तराजूला पासंग नाही ना, हे आधी पाहिले पाहिजे. हा पासंग श्रद्धाळू माणसाच्या तराजूत असतो तसा शिकल्यासवरलेल्या माणसाच्याही तराजूत असू शकतो. म्हणून आरंभी विद्वानांच्या चुकीचेच उदाहरण घेऊ.

१. आकाशातून पडलेले दगड

फ्रान्समधील ल्यूसे या गावाजवळ १३ सप्टेंबर १७६८ रोजी मोठा गडगडाट झाला, आणि शेतात काम करणाऱ्या लोकांना आकाशातून एक दगड खाली पडलेला दिसला. तो ऊन लागत होता. हा दगड पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे तपासणीसाठी गेला. तपासणी करणाऱ्या समितीत लव्हॉझिए होता. पुढे आधुनिक रसायनशास्त्राचा एक जनक म्हणून त्याची कीर्ती झाली. समितीने दगडाचे पृथक्करण केले, त्यात लोह व गंधक आढळले, आणि निष्कर्ष असा काढला की हा जमिनीतलाच दगड आहे. वीज पडून वरची माती उडाल्यामुळे तो उघडा पडला असावा.

समितीची शंका निराधार नव्हती. आकाशातून नाना वस्तू पडल्याच्या भाकडकथा त्या काळी पुष्कळ प्रचलित होत्या, आणि दगड पडावा असे आकाशात काही आहे, असे कोणासही वाटत नव्हते. परंतु शंका घेऊन ते विद्वान तेथेच थांबले. कारण समजत नाही, तेव्हा घटनाच घडली नसावी, असे त्यांनी धरून चालले. पाहणारे खेड्यातले शेतकरी होते, यामुळेही त्यांच्या शब्दाचे वजन कमी भरले असल्यास नवल नाही.

१७९४ साली क्लाड्नी नावाच्या जर्मन पदार्थविज्ञानवेत्त्याने निराळा मार्ग धरला. त्याचे शिक्षण कायद्याचे झाले होते. निरनिराळ्या देशांतील व निरनिराळ्या काळांतील साक्षी त्याने वकिलाच्या पद्धतीने शेजारी शेजारी मांडल्या. एकमेकांना कधीही न भेटलेले लोक तेजाचा गोळा, गडगडाट व दगड यांचे वर्णन सारखेच करतात, असे त्यास आढळले. हे दगड पृथ्वीबाहेरून येतात, असे त्याने प्रतिपादन केले. पुष्कळांनी त्याची थट्टा केली.

यापुढील दुवा आपल्याच देशातील आहे. १९ डिसेंबर १७९८ रोजी सायंकाळी बनारसजवळ क्राखुत या गावाच्या परिसरात आकाशात मोठा तेजोगोल दिसला, गडगडाट झाला व दगड पडले. एक दगड पहारेकऱ्याच्या झोपडीचे छप्पर फोडून आत आला व जमिनीत रुतला. त्यापूर्वी कित्येक दिवस आकाश स्वच्छ होते, ढगाचा मागमूसही नव्हता. तेव्हा विजेचे कारण पुढे करण्यास जागाच उरली नाही. ह्या दगडाचे नमुने इंग्लंडात पोहोचले. एडवर्ड हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञाने इंग्लंड, इटली व बोहेमिया येथे पडलेल्या दगडांबरोबर त्यांचे पृथक्करण केले, आणि १८०२ साली दाखवून दिले की, इतक्या दूरदूरच्या ह्या दगडांची घडण सारखी असून त्यांतील लोखंडाच्या कणांत निकेल हा धातू आहे. ज्या गावांत ते पडले तेथील जमिनीत असे दगड नव्हते.

पुढच्याच वर्षी, २६ एप्रिल १८०३ रोजी, फ्रान्समधील लेगल या गावाच्या परिसरात भर दुपारी सुमारे ३,००० दगडांचा वर्षाव झाला. शासनाने झां बातिस्त बीओ या तरुण शास्त्रज्ञास तपासासाठी पाठविले. बीओची पद्धत शिक्षकांनी मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. तो थेट लेगलला गेला नाही. आधी दूरच्या गावांतून त्याने विचारपूस सुरू केली, की तेथे काय दिसले व काय ऐकू आले. आणि मग तो हळूहळू घटनास्थळाकडे सरकला. एकाच बातमीने साऱ्यांची मने रंगलेली नाहीत ना, हे त्यामुळे त्याला पारखता आले. परस्परांशी हितसंबंध नसलेल्या निरनिराळ्या दर्जाच्या माणसांच्या साक्षी त्याने ताडून पाहिल्या. परिसरातील खाणी, भट्ट्या व दगडांचे संग्रह तपासले. असा दगड तेथे पूर्वी नव्हता. दगड कोठकोठे पडले ते नकाशावर मांडले, तेव्हा लांबट वर्तुळासारखा पट्टा तयार झाला. त्याच्या अहवालानंतर आकाशातून दगड पडतात, हे विद्वज्जनांनी मान्य केले.

घटना मान्य झाली, तरी कारण मात्र तेव्हा ठरले नाही. हे दगड चंद्रावरील ज्वालामुखींतून येत असावेत, असे पुष्कळांस वाटे. त्यांपैकी बहुतेक मंगळ व गुरू यांच्या दरम्यान फिरणाऱ्या लघुग्रहांचे तुकडे असतात, हे पुष्कळ काळाने सिद्ध झाले. आज आपण त्यांस अशनी म्हणतो. या हकिगतीत शेतकऱ्यांनी पाहिलेले खरे ठरले, आणि ते खरे ठरविले शंका घेणाऱ्यांनीच. मात्र शंका घेऊन न थांबता पायपीट करणाऱ्यांनी.

२. "अजून ठाऊक नाही" हेही उत्तर आहे

अशनींच्या संदर्भात बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर आठवल्याखेरीज राहत नाही. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर लवणासुराचे निवासस्थान होते व विष्णूने त्याचा वध केला, अशी पुराणकथा आहे. गावातील दैत्यसूदनाचे देऊळ त्याच कथेची आठवण देते. १८२३ साली एका इंग्रज अधिकाऱ्याने ह्या विवराची नोंद केली. दख्खनचा हा काळा दगड मुळात ज्वालामुखीतून आलेला असल्यामुळे विवरही ज्वालामुखीचेच असावे, असे पुष्कळ काळ मानले जाई. निर्णय १९७३ साली लागला. विवराच्या तळाशी छिद्रे घेऊन काढलेल्या खडकांत काही स्फटिकांचे काचेत रूपांतर झालेले आढळले. अतिप्रचंड आघाताखेरीज असे रूपांतर होत नाही. यावरून हे विवर अशनीच्या आघाताने झाले, हे ठरले.

म्हणजे १८२३ पासून १९७३ पर्यंत दीडशे वर्षे प्रामाणिक उत्तर "अजून ठाऊक नाही" असेच होते. त्यानंतरही विवराचे वय आधी सुमारे ५० हजार वर्षे मानले जाई. अधिक चांगल्या पद्धतीने मोजल्यावर २०११ साली ते सुमारे ५ लक्ष ७० हजार वर्षे असे प्रसिद्ध झाले. शास्त्राने आपलाच आकडा खोडून नवा लिहिला. ह्यात शास्त्राचा कमीपणा नाही. मुलाने पाटीवरचे चुकलेले गणित पुसून पुन्हा मांडले, तर आपण त्यास शाबासकीच देतो.

जून २०२० मध्ये ह्या सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. तर्ककुतर्क सुरू झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले, आणि पाणी आटून क्षार वाढल्यामुळे खाऱ्या पाण्यात वाढणारे, गुलाबी रंग धारण करणारे सूक्ष्म जीव बळावले होते, असे आढळले. पाणी गुलाबी झाले, हे लोकांचे पाहणे खरेच होते. एका प्रश्नास दीडशे वर्षे लागली, दुसऱ्यास काही आठवडे पुरले. उत्तर लवकर मिळत नाही, एवढ्यावरून ते कधीच मिळणार नाही, असे समजू नये.

३. घटना खरी, कारण मात्र वेगळे

२१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीच्या मूर्ती दूध पितात, ही वार्ता देशभर व परदेशांतही पसरली. ठिकठिकाणच्या देवळांपुढे रांगा लागल्या. ज्यांनी चमच्याने दूध पाजले, ते खोटे बोलत नव्हते. चमच्यातील दूध कमी होताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. दूध कोठे गेले, एवढेच त्यांनी पाहिले नव्हते.

शासकीय शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून हाच प्रयोग केला, तेव्हा मूर्तीच्या अंगावरून खाली उतरणारी रंगीत रेघ दिसू लागली. काठोकाठ भरलेल्या चमच्याची कड ओल्या दगडास लागली म्हणजे पृष्ठताणामुळे द्रव दगडाकडे ओढला जातो, आणि पातळ थराने खाली ओघळतो. दूध पांढरे व थर पातळ, म्हणून तो सहसा नजरेस येत नाही.

येथे शिक्षकांनी एक पथ्य पाळावे. पाठाचा विषय चमचा, दूध व दगड हा आहे. गणपतीवरील कोणाची भक्ती हा नव्हे. मुलांच्या आयांची थट्टा केल्याने पृष्ठताण समजत नाही, आणि शाळेविषयीचा आदर मात्र कमी होतो.

४. पुन्हा सापाच्या पाठाकडे

आता त्या मुलाच्या आजाचा विचार करू. आजास साप चावला, भगताने मंत्र घातला व आजा बरा झाला, ही घटना खरी मानण्यास हरकत नाही. प्रश्न एवढाच, की मंत्र घातला नसता तर काय झाले असते? शिक्षकांनी फळ्यावर चार घरे आखावीत: मंत्र घातला व माणूस वाचला, मंत्र घातला व माणूस दगावला, मंत्र घातला नाही व वाचला, मंत्र घातला नाही व दगावला. मग मुलांस विचारावे, की गावात कोणत्या घरातील गोष्टी सांगितल्या जातात? बहुधा पहिल्याच घरातील. वाचलेला माणूस आपली हकिगत चावडीवर सांगतो. दगावलेल्याची हकिगत सांगावयास तो मागे उरत नाही, घरचे म्हणतात, "त्याची वेळच भरली होती." तिसऱ्या घरातील माणसाकडे तर कोणाचे लक्षच जात नाही.

वस्तुतः तिसरे घर बरेच भरलेले असते. धामण, दिवड, तस्कर इत्यादी पुष्कळ साप बिनविषारी आहेत. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो विष सोडतोच असे नाही. अशा साऱ्या प्रसंगी माणूस मंत्राने वाचतो आणि मंत्रावाचूनही वाचतो. भगताची कीर्ती ह्या सापांवर वाढते. मात्र त्या कीर्तीवर विसंबून ज्यास नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे चावले आहे असा माणूस त्याच्याकडे आणला जातो, आणि उपचाराची वेळ निघून जाते. मण्यार तर बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसास चावते. दंश दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. पोटात दुखू लागते व पुढे श्वास बंद पडू शकतो. अशा वेळी पहाटेपर्यंत चाललेला मंत्र म्हणजे हातचे गमावलेले तास होत.

विषावरील लस घोड्यांस अल्प व वाढत्या प्रमाणात विष टोचून त्यांच्या रक्तापासून तयार करतात. मुंबईतील हाफकीन संस्थेचे नाव ह्या कार्याशी दीर्घ काळ निगडित आहे. भारतात मिळणारी लस उपरोक्त चारही सापांच्या विषावर चालते. ह्या लसीने काही रोग्यांस त्रास होतो, हेही डॉक्टर आधीच सांगतात, व म्हणून ती दवाखान्यातच देतात. जे उपचार आपले अपयश मोजून सांगतात त्यांवर विश्वास ठेवणे व जे केवळ यशच सांगतात त्यांवर विश्वास ठेवणे, यांतील भेद मुलांच्या मनावर ठसविणे हे ह्या पाठाचे सार आहे.

कायद्याचीही येथे साथ आहे. १९७६ च्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टी व शोधक बुद्धी वाढविणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरले. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमानुसार साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसास वैद्यकीय उपचारांपासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र वा गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे.

५. पाठाची मांडणी (दोन तासिका)

साहित्य : वरवंटा, चमचा, दूध किंवा पाणी, थोडी नीळ, ताटली, पाट्या.

पूर्वतयारी : प्रत्येक मुलाने घरी ऐकलेली एक नवलाची गोष्ट पाटीवर लिहावी. पाटीचे दोन भाग करून डाव्या बाजूस "काय पाहिले" व उजव्या बाजूस "त्याचे कारण काय सांगितले" असे लिहावे. कोणी पाहिले, केव्हा पाहिले, सांगणाऱ्याने स्वतः पाहिले की ऐकले, हे विचारावे.

प्रयोग : वरवंटा ओला करून ताटलीत उभा धरावा. काठोकाठ भरलेल्या चमच्याची कड त्यास हळूच लावावी. आधी साधे दूध, मग नीळ घातलेले दूध वापरावे. किती चमचे दिले व ताटलीत किती मिळाले, याचा मेळ मुलांनी स्वतः घालावा. थोडे कमी भरल्यास ते कोठे राहिले असेल, हेही त्यांनाच शोधू द्यावे.

प्रतिपादन : लेगलच्या तपासाची गोष्ट सांगावी. बीओ आधी दूरच्या गावी का गेला, हा प्रश्न मुलांस विचारावा व उत्तरास पुरेसा वेळ द्यावा. त्यानंतर चार घरांचा तक्ता भरावा.

संकलन : तीन वाक्ये फळ्यावर लिहावीत. पाहिलेले व सांगितलेले कारण वेगळे मांडावे. कारण कळत नाही म्हणून घटना नाकारू नये. घटना खरी म्हणून सांगितलेले कारण खरे मानू नये.

दक्षता : सापांशी अगर कोणत्याही जिवाशी खेळ करावयाचा नाही, हे निक्षून सांगावे. मुलांच्या गोष्टींत करणी वा चेटूक केल्याबद्दल गावातील एखाद्या बाईचे नाव येऊ लागल्यास ती गोष्ट तेथेच थांबवावी. अशा बोलण्याने निरपराध माणसाची अब्रू व प्रसंगी जीवही जातो. तसेच एखाद्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांस येत नसेल, तर "मला ठाऊक नाही, आपण शोधू," असे मोकळेपणाने म्हणावे. शिक्षकांच्या तोंडून हे शब्द ऐकलेला वर्ग पुढे स्वतःचे अज्ञान लपवीत नाही.

स्वाध्याय : साप चावल्यास काय करावे व काय करू नये, हे मुलांनी घरच्या मंडळींस सांगावे. रोग्यास धीर द्यावा, हालचाल करू देऊ नये, चावलेला भाग स्थिर ठेवावा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने तत्काळ दवाखान्यात न्यावे. जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. साप पकडावयास धावू नये.

उपसंहार

त्या मुलास आता उत्तर देता येईल. "तुझे आजोबा वाचले, फार चांगले झाले. त्यांना कोणता साप चावला होता, हे कोणी पाहिले होते का? आज घरी विचारून ये." मुलगा उद्या काय उत्तर आणील, हे सांगता येत नाही. कदाचित साप कोणीच पाहिला नव्हता, असे कळेल. कदाचित धामण होती, असे कळेल. कदाचित नाग होता, आणि आजा कसा वाचला ते आज सांगता येत नाही, असेही ठरेल. तिसरे उत्तर आले, तरी शिक्षकांनी अवघडून जाऊ नये. फळ्यावर तसेच लिहावे. मात्र त्याच्या खाली जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे नाव व दूरध्वनी क्रमांक लिहावा, आणि पहिला पाऊस पडण्यापूर्वी तो शाळेच्या दर्शनी भिंतीवरही रंगवून घ्यावा.